कोळंबीच्या शेडमधला जर्मन फुटबॉल

आधी काकांचं लिहिते. मला कायम धास्ती असते की सांगता सांगता मुख्य माणूसच राहून जाईल, आणि कुणाचे आभार मानायचे राहिले की मला जेवण जात नाही. तर काका रत्नागिरीचे. बोटीवर स्वयंपाकी होते, नोकरी संपवून घरी आलेले. त्यांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत आम्ही चौघी पोरी भाड्यानं राहायचो. नाव लिहू नकोस असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं काका. मी तेव्हा रत्नागिरीत राहिले ती त्यांच्यामुळे, आणि त्यासाठी त्यांनी काय केलं हे त्यांना विचाराल तर म्हणतील, "मी? मी कुठं काय केलं? मी तर तिकडं पाठ करून उभा होतो."

ते खरं आहे. तेच सांगायचंय.

मी जत तालुक्यातली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दोन गावं सोडून पलीकडे, आणि मुलीच्या जातीला एवढं लांब कोण पाठवतं, म्हणून माझी शाळा सुटली. त्यानंतर वर्षभरानं, त्याच मुलीच्या जातीला, घरच्यांनी घाट उतरवून रत्नागिरीला कोळंबी सोलायला पाठवलं. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. सातवीपर्यंतच शिकले म्हणून असेल.

मिरकरवाडा बंदराजवळ आमची शेड. मासळीची लाँच धक्क्याला लागली की मुकादम शेडच्या दारात येऊन शिट्टी मारायचा. शिट्टी झाली की जिथं असाल तिथून पळायचं. हातात घास असला तरी पळायचं, डोक्याला साबण असला तरी पळायचं, कारण टेबलापाशी जागा मोजक्या आणि उशिरा पोचलेलीला मुकादम परत पाठवायचा. पहिल्या महिन्यात मी तीनदा परत गेले. नंतर अशी तयार झाले की पोस्टमननं सायकलवरून शिट्टी वाजवली तरी मी उंबऱ्याबाहेर. आम्ही सगळ्याच तशा. कान शेडकडं आणि पाय अर्धे उचललेले.

पण लाँचचा काही नेम नसतो. कधी सकाळी, कधी दुपार टळल्यावर. तोवर बसून राहायचं. आम्ही काकांच्या पडवीत बसायचो, कारण तिथून शिट्टी ऐकू यायची आणि काकी काही बोलायच्या नाहीत. म्हणजे बोलायच्या, पण नुसत्या तोंडानं. "बसा गो, बसा. जमीन झिजेस्तवर बसा. मी सारवतंय ती तुमच्यासाठीच." आणि चहा आणून ठेवायच्या.

एका दुपारी काकांनी पत्र्याच्या पेटीतून एक पातळ पुस्तक काढलं. गुळगुळीत कागद, मधे मधे काळे-पांढरे फोटो, आणि अक्षरं इंग्रजीसारखी पण इंग्रजी नव्हे. पहिल्याच फोटोत अकरा बायका हाताची घडी घालून उभ्या. अर्ध्या चड्डीत.

आमच्यातली एक किंचाळली. एकीनं पदर तोंडावर घेतला आणि पदराआडून नीट बघितलं. मी आधी रस्त्याकडं बघितलं, कुणी येत नाही ना.

"काका, ह्या कोण?"

"ह्या मासळीवाल्या," काका म्हणाले. "तुमच्यासारख्याच."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची बोट एकदा जर्मनीच्या एका बंदरात दुरुस्तीला अडकली. गोदीच्या फाटकाबाहेर मासळीचा कारखाना. तिथं बायका मासे साफ करून पिंपात भरायच्या. आणि काम संपलं की मागच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळायच्या. काकांनी एकदा त्या सगळ्यांना बोटीवरच्या भांड्यातून भात आणि कालवण नेऊन खायला घातलं. तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण भांडं पुसून परत दिलं. त्यातल्या एका गोलकीपर बाईनं निघताना हे पुस्तक हातात ठेवलं. त्यांच्या क्लबचा इतिहास. क्लबला काही वर्षं पुरी झाली म्हणून छापलेला.

"तुम्हाला जर्मन वाचता येतं?" मी विचारलं.

"वाचता नाय येत. पण तिनं एकेका फोटोवर बोट ठेवून सांगितलंय ना. थोडं बोलून, थोडं हातानं." काका म्हणाले. "बोटीवर हातानंच भाषा शिकतात."

त्या दिवसापासून रोज एक फोटो. शिट्टी होईपर्यंत जेवढा इतिहास होईल तेवढा. आम्हाला तर चटकच लागली. काम सुटलं की कुणीतरी विचारायचं, "काका, त्या कोळशाच्या ढिगापाशी होत्या, पुढं काय झालं?"

पुढं काय काय झालं होतं! त्यांच्या देशात फुटबॉलचे जे मोठे साहेब होते त्यांनी बायकांच्या फुटबॉलला बंदीच घातली होती. बायकांना मैदान देणाऱ्या क्लबाची खैर नव्हती. कारण काय, तर हा खेळ बायकांना शोभत नाही. (इथं काकी आतून ओरडल्या, "तिकडंपण हेच काय?") मग ह्या मासळीवाल्या मासळी बाजाराच्या मागं, कोळशाच्या ढिगाशेजारी खेळायच्या. बर्फाच्या खोलीत कपडे बदलायच्या. एक पहारेकरी कुत्रं घेऊन त्यांना हाकलायला यायचा.

हे कुत्रं काकांच्या गोष्टीत फार मोकाट सुटलेलं असायचं.

"काका, काल तर कुत्र्यानं त्या गोलकीपरच्या पोटरीला धरलं होतं. आज म्हणता शेपूट हलवत होतं."

"कालचं वेगळं कुत्रं."

"फोटोत एकच आहे."

"दुसरं फोटो काढत होतं," काका म्हणाले, आणि आम्ही इतक्या हसलो की शिट्टी झालेली कळली नाही आणि चौघीही त्या दिवशी शेडवरून परत आलो.

मग बंदी उठली. उठली म्हणजे काय, साहेब लोकांनी अटी घातल्या. बायका नाजूक, म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाचेच दोन डाव. चेंडू हलका. थंडीत खेळायचं नाही. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. "थंडीत मासे साफ करायला चालतात काय गो त्यांना? हात बर्फात, ते चालतं, आणि चेंडू नको?" आम्ही सगळ्यांनी आपापले हात बघितले. बर्फानं आणि कोळंबीच्या काट्यांनी फुटलेले. मग कुणीतरी म्हणालं, "आपल्याला तर अट पण नाही. आपण का खेळत नाही?"

हे मी म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "कुणी बघितलं तर?"

पण खेळायला लागलो, शेडवरच्या बाकीच्या पोरी धरून अकराजणी. शेडच्या मागं पुळण होती, वाळू चांगली दाबलेली. चेंडू नव्हता, तर फाटक्या जाळ्याचा गुंडाळा आवळून बांधला. जड झाला, दगडासारखा. लाथ मारली की पाय कळवळायचा आणि चेंडू दोन हात जायचा. नियम आम्हाला कुणी शिकवले नव्हते, पुस्तकातल्या फोटोंवरून शिकलो. म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी हाताची घडी घालून ओळीत उभं राहायचं, हा आमच्या खेळाचा पहिला नियम. एका फोटोत एक बाई हवेत उडी मारताना आडवी झालेली होती, म्हणून आमची एक पोरगी चेंडू नसला तरी अधूनमधून आडवी व्हायची. आणि शेडच्या टेबलापाशी सवय झालेली, म्हणून खेळतानाही आम्ही जागा सोडायचो नाही. प्रत्येकीची एक जागा, तिच्यासमोर चेंडू आला तर मारायचा, नाही आला तर वाट बघायची. दुसरीच्या जागेत जाणं म्हणजे भांडण.

गोलकीपर शेजारच्या वाडीतली, लग्न झालेली, दोन पोरांची आई. लाँचवरून फेकलेली भरली टोपली झेलायचं काम तिनं वर्षानुवर्षं केलेलं. तिच्याकडं कुणी काही फेकलं की ते तिच्या हातातच.

आता कपड्यांचं. कुणीच चड्डी घालणार नव्हतं, हे आधीच ठरलेलं. पण परकरात पाय अडकायचे आणि साडी सुटायची. काकी म्हणाल्या, "ह्यात काय विचार करतंस? माझी लुगडी हायत ना. काष्टा घाला. मी त्याच काष्ट्यात धक्क्यावर टोपल्या घेऊन पळतंय, तुम्हाला चेंडूमागं पळायला काय होतं?" आणि त्यांनी वाडीत फिरून अकरा नऊवारी लुगडी गोळा केली. हिरवी, जांभळी, एक कुंकवाच्या रंगाचं. आम्ही बहुतेक सोळा-सतरा वर्षांच्या पोरी काष्टा घालून उभ्या राहिलो तेव्हा काका म्हणाले, "माझ्या आजीच्या अकरा बहिणी आल्यासारखं वाटतंय."

समोरचा संघ कसा मिळाला तेही सांगते. काकांच्या शेजारी डी.एड.ला शिकणारी एक मुलगी राहायची. शिकलेल्या मुलींची मला तेव्हा फार भीती वाटायची. त्या वाक्य पुरं करायच्या. ती एकदा कुंपणाजवळ थांबून म्हणाली, "आमच्याही मुली फुटबॉल खेळतात. आमचे खेळाचे सर शिकवतात. तुम्हाला नियम माहीत आहेत का?"

आमची गोलकीपर म्हणाली, "पुस्तक आहे आमच्याकडं."

"कुठलं?"

"जर्मन."

दुसऱ्या दिवशी निरोप आला, रविवारी सामना.

आणि त्याच आठवड्यात मला घरून कार्ड आलं. वडलांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. इथून जवळच हातखंब्याला ट्रक घेऊन येणाऱ्या आमच्या गावच्या एकानं गावात सांगितलं होतं की रत्नागिरीत शेडवरच्या पोरी चड्ड्या घालून समुद्रावर नाचतात. कार्डात लिहिलं होतं, रविवारी दादा न्यायला येत आहे, बोचकं बांधून तयार राहावे.

मी ते कार्ड दिवसभर कमरेला खोचून फिरले. कोळंबी सोलताना हात चालत होते, डोकं नव्हतं. घरी परत गेले तर पुन्हा कुणी सोडणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. घरी मी बोलायची नाही. भांडी घासायची, शेरडं वळायची, विचारलं तर मान हलवायची. इथं रत्नागिरीत मी काही फार शूर झाले होते असं नाही, पण माझी एक जागा होती. टेबलावर होती, पडवीत होती, पुळणीवर डाव्या बाजूला तिसरी. ती जायची होती.

संध्याकाळी काकांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"रविवारी? रविवारी सामना हाय."

"काका, मी खेळत नाही. मी बोचकं बांधते."

"बोचकं बांध. पण सामना झाल्यावर बांध. तुझ्या दादाला यायला कोल्हापूरची एस.टी. दहाशिवाय नाय पोचायची."

"दादा खेळताना बघेल!"

"बघू दे की. तो चड्ड्या बघायला येतोय. इथं चड्डी कोणाची हाय?"

रविवारी सकाळी पुळणीवर अर्धी वाडी जमली. गोलाचे खांब म्हणून चार वल्ही. तीन उभी राहिली, चौथं राहीना. तिथं वाळूखाली वीतभरावर कातळ लागला. काका म्हणाले, "मी धरून उभा राहीन." डी.एड.च्या मुली पांढऱ्या पंजाबी ड्रेसात, कॅनव्हासचे बूट घालून. खेळाचे सर टोपी घालून. आम्ही लुगडी नेसून, हाताची घडी घालून, ओळीत.

एक मुलगी दुसरीला म्हणाली, "ह्या गौरी नाचवायला आल्यात का?"

"नाचवू की," आमची गोलकीपर म्हणाली, "तुम्हाला."

सरांनी घड्याळ बघितलं, शिट्टी तोंडात धरली आणि जोरात वाजवली.

आणि आम्ही अकराच्या अकरा पळालो. चेंडूकडं नव्हे. शेडकडं.

कुणी विचार केला नाही हो! पायच निघाले. वाळू उडवत, एकमेकींना ढकलत, जागा मिळवायला. मागून सर ओरडतायत, वाडी हसतेय, काही ऐकू आलं नाही. शेडच्या वाटेवर जांभ्याच्या पायऱ्या आहेत, तिथं एक माणूस पिशवी घेऊन खाली उतरत होता. आमची लाट बघून तो भिंतीला चिकटला. माझा पदर डोक्यावरून पुढं आलेला. मी सगळ्यात मागं, म्हणून त्यानं मलाच थांबवलं.

"आज्जी, कोळंबीची शेड कुठंशी हाय हो?"

माझा दादा.

मी पदर मागं केला. "दादा, मी हाय."

दादानं माझ्याकडं बघितलं, काष्ट्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. वर शेडच्या दारात मुकादम बिडी ओढत उभा होता आणि ओरडत होता, "कुठं पळताय? लाँच कुठाय? कुणी वाजवली शिट्टी?" तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला आणि सगळ्याजणी मटकन पायऱ्यांवर बसून हसायला लागल्या. मी सोडून.

"चल," दादा म्हणाला. "बोचकं घे. दोनच्या गाडीनं जायाचं."

एवढ्यात काका धापा टाकत आले. त्यांनी एकदा माझा चेहरा बघितला, एकदा दादाचा, आणि कोण आहे ते ओळखलं. ओळख नाही, पाळख नाही, दादाच्या खांद्यावर हात.

"बरे आलात. एक माणूस कमी होता."

"मी हिला न्यायला आलोय."

"न्या की. कोण नाय म्हणतो? दोनला गाडी, आता साडेदहा. तोवर एक वल्हं धरायचं हाय. माझा खांदा दुखतो."

आमच्या दादाला वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हा आमच्या घरातला दोष आहे आणि त्या दिवशी तो माझ्या कामी आला. पाच मिनिटांत दादा पिशवी पायाशी ठेवून, वल्हं दोन्ही हातांनी धरून, समोरच्यांच्या नव्हे, आमच्याच गोलाचा खांब झाला होता. आणि काका त्याच्यासमोर, अगदी तोंडासमोर, मैदानाकडं पाठ करून उभे राहिले आणि बोलायला लागले. काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. हात मात्र दिसत होते. हातानं ते कुत्रं दाखवत होते.

सरांना सांगितलं, शिट्टी नको. पुन्हा वाजली तर आम्ही पुन्हा जाऊ, आमचा इलाज नाही. सर म्हणाले, फुटबॉल शिट्टीशिवाय होत नाही. काकींनी घरातून पितळेची थाळी आणि पळी आणून सरांच्या हातात दिली. "ही वाजवा. हिच्यावर ह्या जेवायलाच येतील फक्त." सरांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि थाळी वाजवली.

पहिली लाथ माझी. आमचे पाय जाळ्याच्या दगडाला सरावलेले, आणि हा खरा चेंडू, हवा भरलेला! मी जीव खाऊन मारला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन समुद्रात पडला. तो आणायला एकाला होडी लोटावी लागली. त्यानंतरचे चार फटकेही तसेच गेले. होडीवाला शेवटी किनाऱ्याला आलाच नाही, तिथंच चेंडूची वाट बघत बसला.

पण हळूहळू जमलं. त्यांच्या बुटांत वाळू भरली आणि त्या जड झाल्या, आम्ही अनवाणी. त्यांनी एक गोल केला. मग आमचा गोल झाला तो असा: चेंडू आमच्या आडव्या होणाऱ्या पोरीवर आला, ती सवयीनं आडवी झाली, आणि उठली तेव्हा चेंडू नाहीसा झाला. सगळे शोधतायत. सर शोधतायत. ती मात्र पळतेय. चेंडू तिच्या लुगड्याच्या ओच्यात अडकलेला, आणि ती तशीच दोन वल्ह्यांच्या मधून पार.

"हात लावला!" डी.एड.च्या मुली ओरडल्या.

"हात कुठं लावला? लुगडं लावलंय."

"असं चालत नाही!"

"कुठं लिहिलंय?"

सर विचार करत राहिले. लुगड्याबद्दल नियमात काहीच नव्हतं, ना त्यांच्या, ना आमच्या जर्मन. त्यांनी थाळी वाजवली. गोल. काकी नाचल्या. खरंच नाचल्या, मी बघितलं.

(पुढं काही वर्षांनी काकांनी पेपरात वाचलं की जर्मनीच्या बायकांनी युरोपातली मोठी स्पर्धा जिंकली आणि त्यांना बक्षीस म्हणून कॉफीचा सेट दिला, कपबशा. आम्ही चिडलो. काकी म्हणाल्या, "बरं केलं. त्या चांदीच्या कपातून चहा कोण पितो?")

एक-एक. शेवटची दोनचार मिनिटं. मी डाव्या बाजूला तिसरी, पण माझं अर्धं लक्ष खांबाकडं. दादा काकांच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होता. काका एका बाजूला झुकले की तो दुसऱ्या बाजूनं बघायचा. आणि तेवढ्यात शेजारच्या त्या डी.एड.वाल्या मुलीनं जमिनीलगत असा फटका मारला की चेंडू आमच्या गोलकीपरच्या पायांशेजारून, वल्ह्याला घासून, मागं गेला.

"गोल!"

"बाहेरून गेला!"

"आतून!"

अख्खी पुळण ओरडायला लागली. सर धावत आले, वाळूत बघितलं, वाळूत शंभर पावलं. कुणीतरी म्हणालं, "खांबालाच विचारा."

सगळ्यांनी दादाकडं माना वळवल्या. सर दादाला म्हणाले, "काय हो, चेंडू कुठून गेला?"

दादानं घसा साफ केला. जन्मात इतक्या लोकांनी त्याला एकदम काही विचारलं नसेल. त्यानं वल्हं सरळ केलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "आतनं गेला."

मला काय झालं ते सांगता येत नाही. कार्ड, बोचकं, दोनची गाडी, सगळं विसरले. मी पदर कमरेला खोचत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दादावर ओरडले.

"आतनं? डोळं हायत का न्हाईत तुला? वल्हं वाकडं धरलंस म्हणून आतनं गेला! नीट धरायला येत न्हाई तर कशाला धरलंस? आमचा खांब हुतास की त्यांचा?"

आणि बरंच काही. काकींकडून शिकलेले शब्दही त्यात होते. थांबले तेव्हा मला माझाच आवाज परत येताना ऐकू आला. झालं. आता संपलं.

दादा माझ्याकडं बघत होता. मग तो हसायला लागला. वल्ह्याला धरून, वाकून वाकून हसला.

"अहो," तो काकांना म्हणाला, "घरात हिच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे आम्हाला नवस बोलावा लागायचा हो. ही आमचीच हाय का? बदलून तर दिली न्हाई?"

"तुमचीच हाय," काका म्हणाले. "आमच्याकडं नुसती ठेवलीय."

आम्ही हरलो. सर म्हणाले दोन-एक, थाळी वाजवली, आणि हरलेल्या आणि जिंकलेल्या सगळ्याजणी काकींच्या पडवीत फोडणीचे पोहे खायला बसल्या. बूट काढून वाळूचे ढीग झाले. दादा मधे बसून चेंडू कसा आला, कसा घासला, त्याच्या तळव्यात कशा झिणझिण्या आल्या, हे पुन्हा पुन्हा सांगत होता. दोन वाजून गेले.

मी आतून बोचकं आणून उंबऱ्यात ठेवलं. बांधलेलं नव्हतं, नुसतं आणून ठेवलं. आणि म्हटलं, "दादा, मी येणार न्हाई."

आवाज पुन्हा पहिल्यासारखा बारीक झाला होता, पण म्हटलं.

दादानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "बाबांस्नी काय सांगू मग?"

काका म्हणाले, "जे बघितलंत ते. चड्डी बघितलीत?"

"चड्डी कुठली? नऊवारी लुगडी, डोक्यावर पदर. आमच्या आज्जीपरास अंगभर."

"नाचत होत्या?"

"मासळीवाल्या काकी नाचल्या."

"मग तेच सांगा. आणि ही कुठं जाते, कधी येते, त्याला मी जबाबदार. दर महिन्याला कार्ड टाकतो तुमच्या वडलांना. आणि तरी ते रागावले तर सांगा की तुम्ही स्वतः खांब होता."

दादा संध्याकाळच्या गाडीनं एकटा गेला. काकींनी दिलेल्या सोड्यांचा, सुकवलेल्या कोळंबीचा, वास त्याच्या पिशवीला लागला तो महिनाभर गेला नाही असं नंतर आई सांगायची. बाबा रागावले होते, पण दादानं सामन्याचं वर्णन सुरू केलं की राग कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. काकांचं कार्ड दर महिन्याला गेलं. वाकड्या अक्षरात, चार ओळी. "मुलगी खुशाल आहे. काम नीट करते. जेवते. काळजी नसावी." एकही महिना चुकला नाही.

पण त्या रविवारी, दादा गेल्यावर, मी पडवी झाडत होते. काका खुर्चीत बसले होते, दमलेले. म्हणाले, "काय गो, तो लुगड्यातला गोल नक्की कसा झाला? नीट सांग."

"तुम्ही होता की तिथं."

"होतो. पण पाठ होती ना माझी. तुझा दादा हलला असता तर? एकदा मागं वळलो असतो तर तो वल्हं टाकून तुला घेऊन गेला असता. तासभर बोललो मी. आख्खा इतिहास सांगून संपला, मग परत पहिल्यापासून सांगितला."

मी झाडू खाली ठेवला.

"आणि तिकडंपण तसंच झालं," काका स्वतःशीच हसत म्हणाले. "त्या बायकांनी रविवारच्या सामन्याला बोलावलं होतं मला. गोलकीपरनं जागा धरून ठेवते म्हणून सांगितलं. शनिवारी आमची बोट सुटली. एवढा इतिहास सांगतो मी, पण गो, सामना काय मी अजून एकही बघितला नाय."

मी त्यांना तो गोल सांगितला. दोनदा सांगितला, आडवी होऊन दाखवलं. ते खूप हसले. पण सांगितलेला गोल आणि बघितलेला गोल यात फरक असतो, हे मलाही कळतं.

काका, हे तुम्ही वाचाल तेव्हा चष्मा लावून दोनदा वाचाल, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमचा एक सामना माझ्याकडं राहिला आहे. कुठं, कधी, कसा, ते अजून माहीत नाही. पण एक दिवस मी तुम्हाला मैदानाच्या अगदी कडेला, तोंड मैदानाकडं करून खुर्चीत बसवीन आणि बायकांचा एक अख्खा सामना, पहिल्या लाथेपासून शेवटपर्यंत, दाखवीन. त्या दिवशी तुम्हाला कुणाशी बोलत बसावं लागणार नाही. कुणी न्यायला आलं तर त्याच्याशी मी बोलेन.